सुपडू झांबरे, फुलबॅक

सामने त्रेसष्ट. गोल एक.
लोको शेडच्या टाइमकीपरच्या वहीत, म्हणजे माझ्या बापाच्या,
एवढंच आहे. शाई निळी, मग जांभळी,
छप्पन सालानंतर पान कोरं.

आधीची तीन लेकरं गेली
म्हणून याला जन्मताच सुपात घातला, म्हणून सुपडू.
मनमाडचे गडी नावाला हसायचे
पहिली दहा मिनिटं.
सुपातले हसतात म्हणे.
हा हसलेला मला आठवत नाही.

दोनचा भोंगा झाला की बॉयलरमधून बाहेर यायचा,
डोळ्यांच्या कडा सोडून सगळा काळा,
साडेचारला मैदानावर.
भुसावळचा मे. बुटाचे खिळे आतून वर यायचे,
हाफटाइमला लिंबू चोखत
तो ते दगडाने खाली ठोकायचा.
कपाळावर चेंडूच्या वादीचा वळ, कुंकवाच्या जागी.

पळायचा कमी.
चेंडू जिथे येणार असेल तिथे आधीच उभा,
जसा जुना हमाल
गाडी थांबण्याआधीच डब्याच्या दारासमोर.

झाशीला सहा गोल खाल्ले.
परतताना अकरा जण गप्प, थेट खंडव्यापर्यंत.
खंडव्याला त्याने सगळ्यांसाठी केळी घेतली,
एक सोलून खाल्लं, म्हणाला,
"आपल्याकडची नाई."
तेवढंच बोलला त्या दौऱ्यात.

आता तो गोल.

चोपन्न साल, अमळनेरच्या गिरणीची टीम.
मी नऊ वर्षांचा, रेघा मारायचं काम माझं.
डाव्या खांबापाशी चुना संपला.
दोन हात रेघ उरलेली, आणि लोक जमायला लागलेले.
क्वार्टर जवळच. आई नळावर.
मी डब्यातून कळण्याचं पीठ आणलं, ओंजळभर,
आणि घाईत टाकलं.
सरळ पडलं का, ते विचारू नका.

शेवटची पाच मिनिटं, बरोबरी.
सुपडूने आपल्या अर्ध्यातून चेंडू नुसता लांब मारला,
संकट टळावं म्हणून,
आणि तापीकडून वावटळ आली.
गोली डोळे चोळत उभा. चेंडू एकदाच टप्पा खाऊन
खांबाला लागून परत मैदानात.
गिरणीवाले ओरडले, नाही, नाही.
रेफ्री ड्रायव्हर रोझारियो. त्यांनी हात वर केला:
चुना उडालेला मी पाहिला.
शिट्टी.

त्या रात्री शेडमध्ये पेढे. आईने
पिठाच्या डब्यात दोनदा हात घातला,
काही बोलली नाही.

दोन वर्षांनी पोलिसांशी खेळताना गुडघा वाजला.
कडेला बसलेल्यांनाही ऐकू आला.
साहेबांनी हलकं काम दिलं, कॉलमनचं.
रात्री दोनला कंदील घेऊन ड्रायव्हरांना उठवत फिरायचं,
"चारची मालगाडी, उठा."
एक पाऊल भारी, एक ओढलेलं.
त्या आवाजाने आम्ही कूस बदलायचो,
आपल्या दाराशी थांबत नाही ना, एवढं ऐकून
पुन्हा झोपायचो.
तेवीस वर्षं तो असा गाव उठवत फिरला.
ते सामने कुणी मोजले नाहीत.

रिटायर झाल्यावर एकदा हंबर्डीला गेलो त्याच्याकडे.
भरीत होतं, कळण्याची भाकरी होती.
मी भाकरी मोडेना.
म्हटलं, काका, तो अमळनेरचा गोल...
त्याने माझ्या ताटात तेल वाढलं.
"चेंडू मीच उचलला व्हता रे.
त्याले कयन्याचं पीठ लागेल व्हतं. वयखलं मी तवाच."

मग का नाही सांगितलं?

बराच वेळ गुडघा चोळत राहिला.
बाहेर कुणाची तरी गाय सुटलेली,
ती त्याने आधी हाकलली.
"एकच तं व्हता," म्हणाला.
आणि मग, जरा थांबून,
"तुही माय मारती ना तुले."